मुलांना तिरंगा आणि राष्ट्रगीत शिकवताना : सहा रविवार आणि एक तालीम

जुलै लागला की गल्लीतली पोरं मला जिन्यातच अडवतात, "काकी, यंदा झेंड्याचा वर्ग कधी?" कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या मंडळाचा छोटा हॉल आहे. तिथे रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ मी हा वर्ग घेते. यंदाचं आठवं वर्ष. मी शिक्षिका नाही, लक्ष्मीपुरीत एका होलसेल दुकानात हिशेब लिहिते. सुरुवात झाली ती माझ्या मुलीमुळे. ती दुसरीत असताना तिला विचारलं, १५ ऑगस्टला काय झालं? म्हणाली, "झेंडा." आणि त्याच्या आधी काय होतं? "आधीपण झेंडाच." तिचं काही चुकलं नव्हतं. त्याहून जास्त तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा.

पहिली दोन वर्षं मी पुष्कळ चुकले. यंदा पहिल्यांदाच शाळेत, मंडळात किंवा नुसतं घरी चार मुलांना घेऊन बसणार असाल, तर त्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे सगळं लिहून काढतेय. वय आठ ते बारा धरलंय. त्याहून लहानांना गोष्ट आणि चित्र एवढं पुरतं.

सुरू करण्याआधी एक मनाशी पक्कं करा. झेंडा माणसांनी काढला, बदलला, त्यावरून वाद घातले, पुन्हा एकत्र बसले आणि मग ठरवला, हे मुलांपर्यंत पोचवायचंय. रंगांचे अर्थ घोकून घेण्यात सहा रविवार घालवू नका. ते एका दिवसात पाठ होतात आणि आठवड्यात विसरतात.

१. आधी सामान आणि स्वतःची तयारी

हे जमवून ठेवा:

- बालभारतीचं कुठलंही चालू पाठ्यपुस्तक. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका सुरुवातीच्या पानांत छापलेली असते. राष्ट्रगीताचे शब्द तिथूनच घ्या, मोबाईलवर आलेल्या चित्रावरून नको.
- भारताचे दोन नकाशे, एक आजचा आणि एक फाळणीपूर्वीचा.
- पांढरी कार्डशीट, कंपासपेटी, केशरी, हिरवा आणि गडद निळा रंग.
- ट्रेसिंग पेपर. प्रत्येकी एक तुकडा पुरे.
- सुती किंवा खादीचा एक खरा झेंडा. ९०० बाय ६०० मिलिमीटरचा हॉलमध्ये हाताळायला बरा पडतो.
- झेंड्याची दोरी, काठी, आणि स्टॉपवॉच असलेला मोबाईल.
- एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका. तो कशाला, ते शेवटी सांगते.

मुलांना बाहेर फिरवणार असाल तर पालकांची लेखी परवानगी आणि दोन फोन नंबर आधीच घ्या. ऐन सकाळी एखादी आजी "मला न्हाई विचारलं कुणी" म्हणून नातवाला परत नेते.

स्वतः काय वाचायचं? भारतीय ध्वज संहिता, २००२. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती मिळते आणि एका संध्याकाळी वाचून होते. त्यात नंतर बदल झालेत, म्हणून जुनी छापील प्रत असेल तर तिच्यावर विसंबू नका. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. जुलै २०२२ पासून उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्रीही ठेवता येतो. आमच्या गल्लीत मात्र आम्ही तो संध्याकाळीच उतरवतो. उतरवताना मुलं भोवती जमतात आणि तेवढ्यात पाच मिनिटांचा धडा होऊन जातो.

२. पहिला रविवार: शिकवू नका, काढायला सांगा

कोरा कागद द्या आणि म्हणा, न बघता तिरंगा काढा. मदत करू नका. चक्राला आठ आरे असतील, बारा असतील, एखाद्याचा हिरवा वर गेलेला असेल, एखाद्याचं चक्र काळं असेल. हसू नका आणि दुसऱ्या मुलांनाही हसू देऊ नका. कागदावर तारीख घालून ठेवून द्या, तिसऱ्या रविवारी लागतील.

मग प्रश्न विचारायला सांगा. मुलं आधी गप्प बसतात. एकाने तोंड उघडलं की मग थांबत नाहीत. "हे चाक निळंच का?" "झेंडा पहिल्यांदा कुणी काढला?" "इंग्रजांनी लावू दिला का?" "कोल्हापुरात पहिला कुठं लावला?" सगळे प्रश्न एका मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा. उत्तर मिळालं की त्या प्रश्नापुढे मुलांनीच खूण करायची. एखाद्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नसतं. तिथे ठोकून देऊ नका. करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात १८५० पासून आहे, मुलाला बरोबर घेऊन जा आणि तिथे शोधा.

३. दुसरा रविवार: चार कागदांवर झेंड्याचा प्रवास

चार कार्डशीट घ्या आणि वर साल लिहा: १९०७, १९२१, १९३१, १९४७. मधे आणखीही झेंडे झाले. १९०६ मध्ये कलकत्त्याला एक फडकला, १९१७ मध्ये टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला आणि त्याच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक होता. पण मुलांना एका बैठकीत चार पुरे.

१९०७: मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीतल्या स्टुटगार्टला, समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, २२ ऑगस्टला हिंदुस्थानचा झेंडा उभारला. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' होतं. हे ऐकल्यावर मुलं ताठ बसतात, कारण परक्या देशात, परक्या लोकांसमोर एकटी बाई उभी आहे हे चित्र त्यांना लगेच दिसतं. तो झेंडा पुण्याला केसरीवाड्यात जपून ठेवलाय. पुण्याला पाहुण्यांकडे जाणारी चार मुलं प्रत्येक वर्गात असतातच. त्यांना ते काम द्या.

१९२१: आंध्रचे पिंगली वेंकय्या यांनी विजयवाड्याला गांधीजींना लाल आणि हिरवा असा दोन पट्ट्यांचा नमुना दाखवला. त्यात चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची, आणि पांढरा पट्टा गांधीजींनी सुचवला. म्हणजे एका झेंड्यात आंध्र, पंजाब आणि गुजरात अशा तीन ठिकाणच्या माणसांचा हात. हे नकाशावर बोट ठेवून दाखवा.

१९३१ आणि १९४७ पुढच्या पायरीत घेते, कारण तिथे जपून जावं लागतं.

४. त्याच रविवारी, मधली सुट्टी न देता: रंगांचा अर्थ

हे मी दुसऱ्या वर्षी चुकले आणि अजून विसरले नाही.

१९२१ शिकवताना मी फळ्यावर लिहिलं: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. त्या सालापुरतं ते खरंच होतं, गांधीजींनी त्या वेळी अर्थ तसाच सांगितला होता. पण मी तिथेच थांबले आणि मुलांना पाणी प्यायला सोडलं. परत आले तर खडूंचे डबे उघडलेले, आणि चौथीतल्या एका मुलाच्या पुढ्यात बाकीच्यांनी सगळे हिरवे खडू ढकललेले. "ह्ये तुझं." तो काही बोलला नाही. एकेक खडू उचलून डब्यात परत ठेवत होता. मी जवळ गेल्यावर एवढंच म्हणाला, "काकी, मला चक्र काढायचंय. निळा द्या की."

ती मुलं वाईट नव्हती. मी अर्धा इतिहास शिकवला होता आणि त्या अर्ध्याचं त्यांनी जे करायचं तेच केलं.

म्हणून माझा आता कडक नियम आहे. १९२१ सांगितलं की त्याच दमात १९३१ सांगायचं. मधे पाणी नाही, सुट्टी नाही, फोन नाही. दहा वर्षांत लोकांना कळलं की रंग धर्मांत वाटले तर झेंडा एकत्र आणायच्या ऐवजी वाटण्या करतो. "आमचा रंग कुठंय?" असं शीख विचारत होते, आणि त्यांचं विचारणं रास्त होतं. १९३१ मध्ये काँग्रेसने लालच्या जागी केशरी आणला, तो वर घेतला, पांढरा मधे, हिरवा खाली, आणि स्पष्ट ठरवलं की या रंगांना धर्माचा अर्थ नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य.

मग १९४७. संविधान सभेने २२ जुलैला झेंड्याचा ठराव मंजूर केला. तो पंडित नेहरूंनी मांडला. मुलांना नीट सांगा की ठरावात रंगांची नावं आहेत, त्यांचे अर्थ लिहिलेले नाहीत. त्या दिवशीच्या भाषणात डॉ. राधाकृष्णन यांनी आपल्या परीने अर्थ सांगितला: केशरी त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या वाटेचा, हिरवा आपल्या मातीशी आणि झाडापेरांशी असलेल्या नात्याचा. एवढं सांगून मुलांना विचारा, तुम्हाला काय वाटतं? मागच्या वर्षी वडणग्याहून मामाकडे आलेली एक मुलगी म्हणाली, "हिरवा म्हंजे आमचा ऊस." ते मी फळ्यावर लिहून ठेवलं.

भगवा की केशरी, हा प्रश्न कोल्हापुरात येणारच. तालमीवर, शिवजयंतीला, पन्हाळ्यावर मुलं भगवा बघतच वाढतात. कुणी "वरचा भगवा" म्हटलं तर दरडावू नका. राधाकृष्णन यांनीही त्या भाषणात भगवा हा शब्द वापरला होता. पण ठरावातला शब्द 'केसरी' आहे, त्यामुळे मुलांच्या तोंडात केशरी बसू दे. भगव्याची गोष्ट वेगळी आणि मोठी आहे, ती दुसऱ्या दिवशी सांगा.

५. तिसरा रविवार: चरखा गेला कुठे?

माझा सगळ्यात आवडता रविवार. ट्रेसिंग पेपरवर १९३१ चा झेंडा काढायला सांगा, मधे चरखा. मोठं चाक एका बाजूला, चाती दुसऱ्या बाजूला. आता म्हणा, कागद उलटा करा.

दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी ओरडतं, "चरखा फिरला!"

बरोबर. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि वाऱ्यावर सारखा पलटतो. एका बाजूने चरखा सुलटा दिसला तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसणार. नेहरूंनी सभेत हीच अडचण सांगितली होती: झेंड्यावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखं दिसायला हवं. म्हणून चरख्याचं नुसतं चाक ठेवलं, आणि त्याचा आकार घेतला सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरचा. ठरावात लिहिलंय की हे चक्र चरख्याचं प्रतीक म्हणून आहे. चरखा गेला नाही, चाकात शिल्लक राहिला. मुलांना हे स्वतःच्या हाताने सापडलेलं असतं, त्यामुळे वर्षानंतरही आठवतं.

मग मोजमाप. ४५ बाय ३० सेंटिमीटरची कार्डशीट. लांबी आणि उंची यांचं प्रमाण ३:२. प्रत्येक पट्टा १० सेंटिमीटर. या मापाच्या झेंड्यावर चक्राचा व्यास ९ सेंटिमीटर असतो, म्हणजे वर-खाली अर्धा अर्धा सेंटिमीटर पांढरं सुटतं. बहुतेक मुलं चक्र पट्ट्याला टेकवतात, तिथे लक्ष ठेवा. आरे २४. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, त्याला २४ ने भागलं की १५. कोनमापकाने दर १५ अंशांवर टिंब. चौथीच्या मुलांना कोनमापक जड जातं, त्यांच्या शेजारी सहावीतलं एक पोर बसवा.

झाल्यावर पहिल्या रविवारचे कागद परत द्या. दोन्ही शेजारी ठेवू देत. तुम्ही काही बोलायची गरज पडत नाही.

खादीचा झेंडा कुठून येतो हेही याच दिवशी सांगते. आपल्यापासून पुण्याच्या उलट दिशेने, हुबळीला बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात तो शिवला जातो. भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र असलेला झेंडा. सूत, रंग, शिवण आणि चक्राची छपाई, सगळं तपासलं जातं. हुबळी-धारवाडला नातेवाईक नाहीत असं कोल्हापुरात घर विरळा, त्यामुळे मुलांना ते लांब वाटत नाही.

६. चौथा आणि पाचवा रविवार: राष्ट्रगीत शब्दाशब्दाने

आधी एक गोंधळ मिटवा. मराठीत आपण 'जन गण मन'ला राष्ट्रगीत म्हणतो. हिंदीत त्यालाच राष्ट्रगान म्हणतात, आणि 'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीत. मुलं हिंदी व्हिडिओ बघून येतात आणि प्रश्नमंजुषेत चुकतात. फळ्यावर दोन रकाने करून ठेवा, मराठीचा आणि हिंदीचा. त्यातच २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत झालंय. तिघांची सरमिसळ होते, तेव्हा पहिली पाच मिनिटं यालाच द्या.

रवींद्रनाथ टागोरांनी हे गीत संस्कृतप्रचुर बंगालीत लिहिलं. पहिल्यांदा गायलं गेलं ते २७ डिसेंबर १९११ ला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. मूळ कडवी पाच, त्यातलं पहिलं आपण म्हणतो. राष्ट्रगीत म्हणून ते संविधान सभेत जाहीर झालं २४ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताक दिनाच्या दोनच दिवस आधी. 'वंदे मातरम्'ला तेवढाच मान राहील, हे राजेंद्रप्रसादांनी त्याच दिवशी सांगितलं.

आता नकाशा अंथरा. फाळणीपूर्वीचा खाली, आजचा शेजारी. गीतातली प्रदेशांची नावं आली की त्या जागी एकेक राजमा ठेवायचा. आमच्याकडे अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत.

मराठा. कोल्हापुरात हा शब्द आला की निम्म्या वर्गाचा आवाज चढतो. इथे तो जातीचं नाव म्हणून आलेला नाही. पंजाब, गुजरात ही जशी प्रदेशांची नावं, तसं हे मराठी मुलखाचं. या खोलीत बसलेला प्रत्येक जण त्या शब्दात आहे, असं मी सांगते आणि सगळ्यांकडून तो एका आवाजात म्हणून घेते.

द्राविड. मुलांना क्रिकेटपटू आठवतो. आठवू दे. त्यावरूनच विचारा, हे आडनाव कुठल्या दिशेचं? बोट आपसूक दक्षिणेकडे जातं.

उत्कल आणि बंग. उत्कल म्हणजे ओडिशा. बंग म्हणजे तेव्हाचा अखंड बंगाल, त्यातला मोठा भाग आज बांगलादेशात आहे.

सिंध. इथे थांबा आणि घाई करू नका. मुलं आजच्या नकाशावर शोधतात आणि सापडत नाही. मग फाळणीपूर्वीच्या नकाशावर सापडतं. १९११ मध्ये सिंध मुंबई इलाख्यात होता, १९३६ मध्ये वेगळा प्रांत झाला, १९४७ ला पाकिस्तानात गेला. "मग नाव काढत का न्हाईत?" हा प्रश्न येतोच. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता आणि २००५ मध्ये न्यायालयाने नाव बदलायला नकार दिला. पण मुलांना याहून जवळचं उत्तर आपल्या गावाबाहेरच आहे. दिवाळीचे कपडे कुठून आणता? गांधीनगरातून. तिथले कापडवाले कोण? फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं. वळिवड्याच्या ज्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहिले होते, त्याच भागात नंतर ही वस्ती झाली. जमीन तिकडे राहिली, माणसं इकडे आली, आणि त्या माणसांचं गाव अजून या गीतात आहे. एका वर्षी मी मुलांना तिथल्या एका दुकानात घेऊन गेले. मालक आजोबा गल्ल्यावर बसले होते. एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुमचं सिंध गाण्यात आहे, म्हाईत आहे का?" ते उठून उभे राहिले. मग त्यांच्याबरोबर सगळी मुलं उभी राहिली.

छापील प्रतीत कुठे 'सिंध' दिसेल, कुठे 'सिंधु'. प्रदेश तोच. मुलांना पुस्तकाप्रमाणे शिकवा आणि त्यावर वाद वाढवू नका.

उच्चारांत मुलं 'तव'चं 'तब' करतात, 'आशिष'चा शेवटचा 'ष' गिळतात आणि 'उच्छल जलधितरंग' एका श्वासात गुंडाळतात. 'उसळणाऱ्या सागराच्या लाटा' हा अर्थ एकदा कळला की शब्द आपोआप सुटे होतात. 'गाहे' म्हणजे गातात, हेही सांगा. आमच्याकडे एक मुलगा दोन वर्षं 'ग्राहे' म्हणत होता.

मग स्टॉपवॉच. पूर्ण राष्ट्रगीताची वेळ सुमारे ५२ सेकंद. आमची मुलं पहिल्या खेपेला ६७ सेकंद घेतात, कारण शेवटचे 'जय हे' लांबवतात. पाच-सहा वेळा म्हटलं की ५४-५५ वर येतं. तिथे थांबा. सेकंदांची शर्यत लावलीत तर गीत हातचं जातं.

उभं राहता न येणाऱ्या मुलाने बसूनच म्हणायचं. त्याला आधाराने उभं करायची धडपड करू नका, आणि बाकीच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

७. मोबाईलवर येणाऱ्या दोन गोष्टी

ऑगस्ट जवळ आला की पालकांच्या ग्रुपवर दोन संदेश फिरतात. पहिला: युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं. युनेस्कोने असं काहीही केलेलं नाही. मुलांना हे नीट सांगा. आपल्या गीताला खोट्या बक्षिसाची गरज नाही.

दुसरा: हे गीत पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं. हा समज जुना आहे. १९११ च्या डिसेंबरात राजा हिंदुस्थानात आला होता. त्याच अधिवेशनात त्याच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याच्या गौरवाचं एक वेगळं हिंदी गाणंही झालं. काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. टागोरांनी १९३७ मध्ये एका पत्रात लिहिलं की युगानुयुगे माणसाचा रथ हाकणारा भाग्यविधाता कुणी जॉर्ज असू शकत नाही. मोठ्या मुलांना तिसऱ्या कडव्यातला 'चिरसारथि' हा शब्द दाखवा. सगळ्या काळाचा सारथी म्हणजे कोण, हे ती स्वतःच ओळखतात.

८. सहावा रविवार: गावातच फिरवा

मुलांना वाटतं स्वातंत्र्य दिल्लीत झालं. त्यांना सकाळी सातला बाहेर काढा.

शिवाजी चौक. जिथे आज महाराजांचा पुतळा आहे, तिथे आधी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत तो विद्रूप केला गेला आणि १९४५ मध्ये तिथे शिवाजी महाराज उभे राहिले.

बिंदू चौक. हुतात्मा स्तंभापाशी मुलांना दोन मिनिटं उभं करा. इथेच गारगोटीची गोष्ट सांगते: १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि सात जण हुतात्मा झाले. ज्यांचं आजोळ भुदरगडात आहे ती मुलं गावी गेली की तिथलं स्मारक बघून येतात.

याच चौकात मी मुलांना एक गोष्ट सांगते. तिने मोठी माणसंही चमकतात. १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर हे संस्थान होतं. मुंबई राज्यात त्याचं विलीनीकरण झालं १ मार्च १९४९ ला. आपल्या लोकांना दोन लढे लढावे लागले, एक इंग्रजांशी आणि एक संस्थानात लोकांचं राज्य यावं म्हणून. प्रजापरिषदेचे माधवराव बागल, रत्नाप्पाअण्णा कुंभार ही नावं इथे सांगा. रत्नाप्पाअण्णा संविधान सभेत होते आणि भारताच्या संविधानावर त्यांची सही आहे. घरी ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना १९४९ चं काय आठवतं ते विचारून यायला सांगा. गेल्या वर्षी एका पणजीने पणतवाला सांगितलं की त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि घरी कुणी जेवलं नाही. आनंदाने की दुःखाने, ते तिला आठवत नव्हतं. दोन्ही असेल.

शेवटी पोलीस उद्यान. तिथला ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ २०१७ मध्ये उभा राहिला. मुलं मान मागे टाकून बघतात. तिथे मी काही शिकवत नाही, शेंगदाण्याचे लाडू वाटते.

९. १४ ऑगस्टची तालीम

खऱ्या झेंड्याला हात लावायची संधी प्रत्येकाला मिळू दे. घडी अशी: झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचे, मग दोन्ही बाजूंनी आत घडी घालत यायचं. वर चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी किनार दिसायला हवी. दोन्ही तळव्यांवर ठेवून न्यायचा.

चढवताना झपझप, उतरवताना सावकाश. भिंतीवर उभा लावायचा झाला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. दोरी बांधणाऱ्याने केशरी बाजूचं टोक आधी तीनदा बघायचं आणि दुसऱ्याने चौथ्यांदा. एका कार्यक्रमात ऐन वेळी झेंडा उलटा वर गेलेला मी पाहिलाय. सगळे गोठून उभे होते आणि एक पहिलीतली मुलगी मोठ्याने म्हणाली, "हिरवा वर हाय." तिचे आभार मानायच्या ऐवजी तिला गप्प केलं गेलं. आमच्याकडे तालमीत सांगून ठेवतो: चूक दिसली की जो बघेल त्याने बोलायचं, वय कितीही असो.

गुडघ्यापर्यंतच्या चड्डीवर, उशीवर, रुमालावर तिरंगा नको, हे संहितेतच आहे. रांगोळीबद्दल माझं मत सांगते: जमिनीवर चक्रासह झेंडा काढू नये, कुणाचा तरी पाय पडतोच. तीन रंगांची फुलं काढा.

१०. खोका

१५ ऑगस्टच्या दुपारी महाद्वार रोडपासून आमच्या गल्लीपर्यंत कागदी झेंडे पडलेले असतात, गटाराच्या कडेला, गाड्यांच्या चाकांखाली. कागदी झेंडा हातात धरायला परवानगी आहे, पण तो जमिनीवर टाकायचा नसतो, आणि खराब झाला तर चारचौघांत न करता सन्मानाने नष्ट करायचा असतो. आमची मुलं दुपारी तीनला दोघादोघांच्या जोड्या करून निघतात आणि दिसेल तो झेंडा उचलून खोक्यात आणतात. बरोबर एक मोठं माणूस हवंच, रहदारी असते.

१६ तारखेला संध्याकाळी गच्चीवर, पत्र्याच्या डब्यात, मी आणि मोठी चार मुलं ते जाळतो. आधी प्रत्येक झेंडा हाताने सरळ करायचा, असं मुलांनीच ठरवलंय. प्लास्टिकचे झेंडे वेगळे काढा, ते जाळू नका. ते विकायलाच नकोत, म्हणून पुढच्या वर्षी जुलैमध्येच जवळच्या दुकानदाराला जाऊन सांगा. आमचा एक दुकानदार तीन वर्षांपासून ठेवत नाही.

गेल्या वर्षी एक खोका पुरला नाही, ऐन वेळी शेजारून दुसरा आणावा लागला. तुम्ही किराणा दुकानातून दोन आधीच मागून ठेवा.